नकाशा एकाकडे, मोजमाप पुस्तक दुसऱ्याकडे : मुंबईच्या सार्वजनिक इमारतींमागची व्यवस्था

महापालिकेची शाळा, दवाखाना किंवा मंडई बांधायची ठरली की नकाशा वास्तुविशारद काढतो, पण निविदा, झालेल्या कामाची मोजमाप पुस्तकातली नोंद आणि त्यावरून निघणारे बिल अभियंत्याच्या हातून जाते. नव्याने नोकरीला लागलेल्या वास्तुविशारदाला हे खटकते. ही रचना कोणी एका बैठकीत ठरवलेली नाही. मुंबईत ती पावणेदोनशे वर्षांत थराथराने साचत गेली.

आधी इमारती लष्करी अभियंते बांधत. टाऊन हॉल, म्हणजे आज एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे ती इमारत, बॉम्बे इंजिनियर्सच्या कर्नल थॉमस काउपर यांची. काम 1821 मध्ये सुरू झाले आणि 1833 मध्ये संपले. लॉटरी काढून पैसा उभारायचा बेत होता. तो पुरला नाही आणि उरलेला भार कंपनी सरकारवर आला. इंग्लंडहून मागवलेले काही खांब आकाराने इतके थोराड निघाले की ते भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चला दिले, असे सांगतात. साहित्याची मागणी आणि नकाशा यांचा मेळ नसला की असेच होते. आज खांबांच्या जागी लिफ्टचा खड्डा असतो : लिफ्टची कंपनी ठरण्याआधी खोदला जातो आणि मशीन आल्यावर दहा सेंटिमीटर कमी भरतो.

1854 मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात सार्वजनिक बांधकाम खाते स्थापन झाले आणि अंदाजपत्रक, मंजुरी, मोजमाप, देयक ही साखळी पक्की होत गेली. पुढच्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी किल्ल्याचे तट पाडायला घेतले. मोकळ्या जागेवर काय बांधायचे याची आखणी करायला जेम्स ट्रबशॉ हे वास्तुविशारद आणले गेले. प्रत्यक्षात मोठ्या इमारती मात्र अभियंत्यांच्या नावावर आहेत : सचिवालय कर्नल विल्किन्स यांचे, उच्च न्यायालय जनरल फुलर यांचे. उच्च न्यायालयाचे काम एप्रिल 1871 ते नोव्हेंबर 1878 चालले. खर्च 16,44,528 रुपये, मंजूर रकमेपेक्षा 2,668 रुपयांनी कमी. हा आकडा कौतुकाने सांगितला जातो. असा आकडा वाचताना मंजूर अंदाजपत्रक कोणत्या तारखेचे, हे आधी विचारावे. खर्च वाढला की अंदाजपत्रकच सुधारून घ्यायचे, ही सोय खात्याला तेव्हाही ठाऊक होती.

महापालिकेचे स्वतःचे मुख्यालय हे जरा वेगळे प्रकरण. कोनशिला व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते 19 डिसेंबर 1884 ला बसली, प्रत्यक्ष काम 25 एप्रिल 1889 ला सुरू झाले. भूमिपूजन आधी आणि आराखड्याचा निर्णय नंतर, ही रीत आजची नव्हे. रॉबर्ट चिझम यांच्या इंडो-सारासेनिक, म्हणजे भारतीय-इस्लामी घाटाच्या, आराखड्याऐवजी एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा टोकदार कमानींचा युरोपीय गॉथिक आराखडा निवडला गेला. स्टीव्हन्स बांधकाम खात्यातले. 1884 मध्ये नोकरी सोडून त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला होता. त्यामुळे ही इमारत म्हणजे पालिकेने बाहेरच्या वास्तुविशारदाकडून करून घेतलेले मोठे काम. ते 1893 मध्ये संपले. मंजुरी 11,88,082 रुपयांची होती, खर्च 11,19,969 रुपये झाला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारने वास्तुविशारदासाठी वेगळे पद काढले. पदाचे नाव होते सल्लागार वास्तुविशारद. मुंबईत 1901 मध्ये जॉन बेग आले, त्यांच्यानंतर जॉर्ज विटेट. ‘सल्लागार’ या एका शब्दात पुढचा सगळा इतिहास आहे : वास्तुविशारद सल्ला देणार, काम करून घेणार कार्यकारी अभियंता. गेटवे ऑफ इंडियाची कोनशिला 31 मार्च 1913 ला बसली, विटेट यांचा अंतिम आराखडा 1914 मध्ये मंजूर झाला, मग समुद्रात भराव आणि पाया यांतच 1920 उजाडले, आणि उद्घाटन झाले 4 डिसेंबर 1924 ला. अकरा वर्षांतली निम्म्याहून अधिक जमिनीखाली गेली. भरावाच्या जमिनीवर काम करणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये शहर सुधारणेसाठी आलेला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट 1933 मध्ये पालिकेत विलीन झाला आणि त्याच्या चाळींची देखभालही पालिकेकडे आली. कामगारांसाठी चाळी बांधणाऱ्या, 1920 च्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटचा (बीडीडी) धडा याहून मोठा आहे. पन्नास हजार खोल्यांचे लक्ष्य होते. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस, म्हणजे चाळीत ऐंशी खोल्या. प्रत्येक खोली सुमारे 160 चौरस फूट. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 चाळी, साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या झाल्या आणि काम थांबले. काँक्रीटचा एकच नकाशा पुन्हा पुन्हा वापरल्याने मोजमाप सोपे झाले, वेग आला. भाडे आणि अंतर कामगारांना परवडेना, तेव्हा सुरुवातीच्या वर्षांत पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या. राहणार कोण, हा रकाना अंदाजपत्रकात नव्हता.

आजची साखळी अशी : जागेचा ताबा आणि भूमापन, आराखडा, प्रशासकीय मान्यता, सविस्तर अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश, चालू देयके, पूर्णत्वाचा दाखला, दोष दायित्व कालावधी (काम संपल्यावर निघालेले दोष कंत्राटदाराने दुरुस्त करायची मुदत). बरेच प्रकल्प अडकतात ते दुसऱ्या-तिसऱ्या पायरीत, कारण प्रशासकीय मान्यता ढोबळ चौरस मीटर दरावर घेतलेली असते आणि तोवर जमिनीत बोअरही मारलेले नसते. एका कोपऱ्यात दोन मीटरवर कातळ लागतो, दुसऱ्यात सात मीटरवर. मुरूम, मऊ खडक आणि कठीण खडक यांचे खोदाईचे दर वेगळे. कठीण खडकाचे प्रमाण वाढले की ती एक बाब सगळा हिशेब ओढून नेते. राज्याच्या बांधकाम खात्याच्या निविदा नमुन्यातले कलम 38 इथेच आठवते : बाबीचे प्रमाण निविदेपेक्षा 25 टक्क्यांहून जास्त वाढले की जादा भागाच्या दराचा प्रश्न पुन्हा उघडतो. कंत्राटदाराला हे कलम पाठ असते. वास्तुविशारदालाही असावे.

साइटवर सगळे ज्याला ‘एमबी’ म्हणतात त्या मोजमाप पुस्तकात खोडाखोड चालत नाही. चुकीवर रेघ मारून वर दुरुस्ती आणि सही. त्याची ताकद खिडकीच्या एका बदलात दिसते. चाळीस खिडक्या, प्रत्येकी 1.5 बाय 1.8 मीटर, म्हणजे 2.7 चौरस मीटर. बांधकामाच्या मोजमापाचे भारतीय मानक 1200, त्यानुसार 0.5 ते 3 चौरस मीटरच्या उघाडाची (दार-खिडकीसाठी भिंतीत सोडलेल्या जागेची) गिलाव्यातली वजावट एकाच बाजूची होते. बगला, वरची कड आणि सिल (खालची कड) वेगळे मोजायचे नाहीत. एकूण वजावट 108 चौरस मीटर. आता उजेड हवा म्हणून रुंदी 1.8 केली. उघाड झाला 3.24, म्हणजे तीनच्या वर. वजावट दोन्ही बाजूंची, 259.2 चौरस मीटर. उलट बगला मोजायच्या, 15 सेंटिमीटर खोली धरली तर साधारण 43. निव्वळ वजावट 108 वरून 216 वर गेली, दुप्पट. नकाशावर बदल एका रेघेचा. सुधारित नकाशा मोजणाऱ्याकडे वेळेत पोहोचला नाही तर दोन महिन्यांनी लेखापरीक्षक जादा प्रदानाचा, म्हणजे जास्त पैसे दिल्याचा, आक्षेप काढतो आणि वसुली मोजणाऱ्याच्या माथी येते. अभियंते वास्तुविशारदाच्या ‘छोट्या बदलां’वर का वैतागतात, ते यावरून कळावे. म्हणून बदलाला क्रमांक, तारीख आणि ‘आधीचा नकाशा रद्द’ हा शिक्का हवाच. तोंडी सूचना साइटवर टिकत नाही.

शिक्षण आणि व्यवसायाची बाजू मुंबईतच आकाराला आली. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ड्राफ्ट्समनच्या वर्गातून वास्तुकलेचा अभ्यासक्रम वाढला. 1917 मध्ये विद्यार्थ्यांची संघटना निघाली, विटेट तिचे पहिले अध्यक्ष, आणि तिचीच 1929 मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. 1972 च्या कायद्याने नोंदणीशिवाय ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावण्यास बंदी आली. कायद्याने उपाधी राखली, काम नाही. मोजमाप पुस्तक जिथे होते तिथेच राहिले.

1995 मध्ये मुंबईला जुन्या इमारती जपण्यासाठी वारसा नियमावली मिळाली आणि फुलर, स्टीव्हन्स, विटेट यांच्या इमारती दुरुस्तीच्या निविदा होऊन परत आल्या. पोरबंदरचा मऊ, सच्छिद्र चुनखडक खाऱ्या हवेत झिजतो, कोरीव पट्ट्या पापुद्र्यांनी सुटतात. जुन्या चुन्याच्या सांध्यांवर सिमेंटची डागडुजी केली असेल तर ओल सांध्यातून बाहेर न पडता दगडातून पडते आणि झीज वाढते. इलाज चुन्याच्या मसाल्याचा. पण चालू दरसूची, म्हणजे कामांच्या ठरलेल्या दरांची यादी, वीट, काँक्रीट आणि टाइल्सभोवती बेतलेली. कोरीव दगड बदलायला त्यात सरळ लागू होईल अशी ओळ सहसा सापडत नाही. मग बाजारातून दरपत्रके मागवायची, कारागिराचे दिवस, दगडाची नासाडी आणि परांची धरून दरविश्लेषण करायचे, आणि ते तांत्रिक मंजुरीला पाठवायचे. नासाडी किती टक्के धरली, हा पहिला प्रश्न तिथून येतो.