अर्ध्या तासात शरीराला काय परत मिळतं?

१९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधव जपानच्या शोहाची इशीशी बराच वेळ झुंजले आणि हरले. लगेच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मामादबेयोवपुढे उभं करण्यात आलं. दोन कुस्त्यांमध्ये किमान ३० मिनिटं विश्रांती हवी असा नियम होता, पण तो बजावून सांगायला भारतीय पथकातलं कुणी तिथे नव्हतं. दमलेले खाशाबा तीही कुस्ती हरले आणि त्यांच्या वाट्याला कांस्यपदक आलं. विश्रांती मिळाली असती तर निकाल फिरला असता का, या वादात अर्थ नाही. अर्ध्या तासात थकलेल्या शरीराला काय परत मिळतं, हे मात्र बऱ्यापैकी माहीत आहे.

दम लवकर परत येतो. झेप, फटका, पकड अशा काही सेकंदांच्या जोरासाठी स्नायू क्रिएटिन फॉस्फेट हा हाताशी असलेला ऊर्जेचा छोटा साठा वापरतात. तो मिनिटभरात निम्मा आणि पाचेक मिनिटांत जवळजवळ पूर्ण भरतो. जोराच्या श्रमात स्नायूंत तयार होणारं आणि खेळाडू ज्याच्या नावाने बोटं मोडतात ते लॅक्टेटही साधारण तासाभरात रक्तातून ओसरतं, सावकाश चालत राहिलं तर त्याहून लवकर. दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीचं खापरही उगाच त्याच्यावर फुटतं.

ग्लायकोजेनचं तसं नाही. स्नायूंमधला हा साखरेचा साठा आटला, तर तो पुन्हा भरायला साधारण २४ तास लागतात. ताशी वेग जेमतेम ५ टक्के. म्हणजे दोन सामन्यांमध्ये दोन तास मिळाले आणि व्यवस्थित खाल्लं, तरी दहावा हिस्साच भरणार. म्हणून दिवसात तीन-चार सामने असतील तर खरी भिस्त आदल्या दिवशीच्या जेवणावर असते. मधल्या वेळेत वजनाच्या दर किलोमागे ताशी एक ग्रॅमच्या आसपास पिष्टमय किंवा साखरेचं काही घ्यावं. ६० किलोच्या खेळाडूला साधारण ६० ग्रॅम. तेलकट, जड खाणं पोटातच रेंगाळतं.

सगळ्यात चकवणारा थकवा मात्र वेगळाच आहे. मेंदूकडून स्नायूला येणारा आदेश म्हणजे विजेच्या छोट्या ठोक्यांची मालिका. प्रत्येक ठोक्यासरशी स्नायूपेशीत कॅल्शियम सुटतं आणि त्यामुळे स्नायू आकुंचन पावतो. सततच्या उड्या, थांबणं, वळणं यांनंतर दर ठोक्याला सुटणारं कॅल्शियम घटतं. पूर्ण ताकदीच्या हालचालीत ठोके इतके दाट असतात की ही घट फारशी कळत नाही. मार बसतो तो साध्या हालचालींना, कारण त्यांचे ठोके विरळ असतात. त्यामुळे बॅडमिंटनमध्ये दोन फेऱ्यांनंतर जोरदार स्मॅश नीट लागतो, पण जाळीपाशी एक पाऊल पुढे टाकताना पाय उचलेनासे होतात. खेळाडूला वाटतं, ‘ताकद तर आहे, मग आज अंग जड का?’ हा थकवा कित्येक तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. अर्ध्या तासाची विश्रांती त्याच्यापुढे काहीच नाही.

शिवाय डोकंही दमतं. इटलीचे शरीरशास्त्रज्ञ अँजेलो मोसो यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं होतं की तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या प्राध्यापकांच्या बोटांचे स्नायू एरवीपेक्षा लवकर थकतात. (बिचारे परीक्षार्थी किती थकले, हे कुणी मोजलं नसावं!) २००९मध्ये संशोधक सॅम्युएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी काही जणांना ९० मिनिटं डोकं शिणवणारं काम दिलं आणि मग सायकल चालवायला लावली. हृदय आणि स्नायू ठीक होते, तरी त्यांनी एरवीपेक्षा सुमारे १५ टक्के लवकर हार मानली. श्रम तेवढेच, पण ते जास्त वाटत होते. आपला सामना संपल्यावर बाकावर बसून दुसऱ्यांच्या सामन्याचा गुण न् गुण ताणून बघणारे खेळाडू पाहिले की म्हणूनच मला राहवत नाही. त्यांना उठवून दुसरीकडे न्यावंसं वाटतं.

विश्रांती लांबली तर उलटंही होतं. स्नायूचं तापमान एका अंशाने वाढलं की कामगिरी दोन ते पाच टक्क्यांनी सुधारते, आणि थंड पडलं की तो फायदा गमावतो. तेव्हा पुढच्या सामन्याआधी थोडक्यात का होईना, पुन्हा वॉर्मअप हवाच. अलीकडे दोन सामन्यांच्या मध्ये बर्फाच्या पाण्यात पाय बुडवून बसायची टूम निघाली आहे. प्रचंड उकाड्यात अंग तापलं असेल तर ठीक, पण एरवी तासाभरात पुन्हा धावायचं असताना पायाचे स्नायू गार करून काय मिळवायचं? बर्फ शेवटच्या सामन्यानंतर.