अजब बंगला, नागपूर (मध्यवर्ती संग्रहालय)

नागपुरात सिव्हिल लाइन्समधे असलेलं सरकारी म्युझियम. कागदावर नाव मध्यवर्ती संग्रहालय, पण ऑटोवाल्याला तसं सांगितलं तर तो तोंडाकडे बघत राहील, अजब बंगला म्हणा, बरोबर नेऊन सोडतो. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६३ साली हे सुरू केलं. आता राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. सोमवारी बंद असतं, बाहेरगावचे लोक हमखास तिथेच फसतात.

शाळेच्या सहलीची पोरं आत शिरली की आधी पेंढा भरलेल्या प्राणीपक्ष्यांकडे पळतात आणि बऱ्याच जणांचं म्युझियम तिथेच संपतं. खरा ऐवज पुढच्या दालनांमधे आहे. मूर्ती, नाणी, हत्यारं, आदिवासींच्या वस्तू, आणि शिलालेख, ज्यांच्यासमोर सहसा कुणी थांबत नाही. त्यातला एक माळव्याच्या परमार राजांचा, विक्रम संवत ११६१ चा, म्हणजे नऊशे वर्षांहून जुना.

गुंगेरियाचं तांबं मात्र चुकवू नका. आजच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातल्या या गावात १८७० मधे गुराखी पोरांना जमिनीत तांब्याची हत्यारं दिसली, खणत गेले तर एकूण ४२४ नग निघाले आणि वर चांदीचे १०२ पातळ पत्रे, काही गोल तर काही शिंगं असलेल्या बैलाच्या डोक्यासारखे. हा साठा पुढे वेगवेगळ्या म्युझियममधे वाटला गेला, काही लंडनला पोचला, काही नग इथे आहेत. एवढं तांबं एका जागी कुणी आणि कशाला पुरलं असेल हा प्रश्न कपाटासमोर उभं राहिल्यावर डोक्यातून जात नाही.

म्युझियम सुरू झालं त्याच वर्षीची अजून एक गोष्ट. स्टीफन हिस्लॉप हे नागपुरातले मिशनरी, दगड आणि जीवाश्म गोळा करायचा भारी नाद, हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. सप्टेंबर १८६३ मधे ते टेंपल यांच्यासोबत टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे महापाषाण काळातल्या दफनांभोवती रचलेले मोठाले दगड, बघायला गेले आणि परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून वारले. आदिवासींवरचं त्यांचं लिखाण टेंपल यांनीच १८६६ मधे छापून काढलं.

अशी शिळावर्तुळं काटोल रोडवर जुनापाणीला अजूनही उघड्यावर आहेत. हातात अर्धा दिवस असेल तर म्युझियम उरकून तिकडे जाता येतं, उन्हाळ्यात मात्र सकाळी लवकर निघा, नागपूरचं ऊन आहे ते.