ढगात अडकलेल्या विमानांची रांग: होल्डिंग पॅटर्नची पार्श्वभूमी

विमान हवेत थांबू शकत नाही, सगळी गोष्ट इथूनच सुरू होते. आकाश मोकळं असेल तर पायलटला पुढचं विमान दिसतं, अंतर ठेवता येतं, पण ढगात शिरलं की बाहेर नुसतं पांढरं, मग इन्स्ट्रुमेंट फ्लाइट रूल्स म्हणजे आयएफआर, काटे आणि रेडिओच्या भरवशावर उडायचं आणि कंट्रोलर सांगेल तिथे, सांगेल त्याच उंचीवर राहायचं. खाली रनवे रिकामा नसेल तर काय? तर होल्ड, म्हणजे पाळी येईपर्यंत एका ठरलेल्या जागेवर लांबट घिरट्या घालत राहायचं.

२४ सप्टेंबर १९२९ ला न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या मिचेल फील्डवर अमेरिकन लष्करी पायलट जिमी डूलिटलने झाकलेल्या कॉकपिटमधून टेक-ऑफपासून लँडिंगपर्यंत सगळं फक्त उपकरणं बघून करून दाखवलं. एकदा ढगात उडता येतंय म्हटल्यावर एअरलाइन्स उडायला लागल्याच, आणि काही वर्षांतच वेगळीच पंचाईत झाली, न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला खराब हवेत एकाच वेळी चार-पाच विमानं येऊन ठेपायची आणि कोण कुठे आहे हे एकमेकांना माहीत नसायचं. शेवटी १ डिसेंबर १९३५ ला एअरलाइन्सनीच एकत्र येऊन तिथे कंट्रोल सेंटर काढलं, ६ जुलै १९३६ ला ते सरकारने ताब्यात घेतलं. रडार नाही, पायलटशी थेट बोलणं नाही, टेबलावरच्या नकाशावर छोटे मार्कर सरकवायचे आणि एअरलाइनच्या माणसाला फोन करून निरोप द्यायचा, तो पुढे रेडिओवर पायलटला सांगणार.

अशा वेळी थांबवायचं तर जागा अशी हवी की जी ढगातही नक्की सापडेल. त्या काळी ती म्हणजे रेडिओ रेंज स्टेशन, जमिनीवरून सतत रेडिओ संकेत सोडणारं. हेडफोनमधे एका बाजूला मोर्सचा ए, दुसऱ्या बाजूला एन, बरोबर मधोमध असलो की दोन्ही मिसळून एकसलग सूर, आणि स्टेशनच्या डोक्यावर आलो की आवाज गायब. तिथे प्रत्येक विमानाला वेगळी उंची द्यायची, सगळ्यात खालचं उतरलं की वरचे सगळे एकेक पायरी खाली. उपकरणं बदलली, रेंज जाऊन व्हीओआर हे नवं रेडिओ स्टेशन आलं, मग जीपीएस, पण १,००० फुटांची ती पायरी आजही तशीच आहे.

आजचा साधा होल्ड बघा. फिक्सवरून, म्हणजे होल्डसाठी ठरलेल्या जागेवरून गेलात की उजवीकडे वळा, सेकंदाला ३ अंश, म्हणजे अर्धं वळण १ मिनिटात. मग १ मिनिट सरळ लांब, परत अर्धं वळण, आणि १ मिनिट सरळ फिक्सकडे. झाली ४ मिनिटं. (१४,००० फुटांच्या वर तो सरळ लेग दीड मिनिटाचा.) कागदावर फार सोपं, खरी मेहनत वाऱ्याची. येतानाचा लेग १ मिनिटाचाच बसायला हवा म्हणून जातानाची वेळ कमी-जास्त करायची, आणि आडवा वारा असेल तर विमानाचं नाक वाऱ्याकडे थोडं वळवून ठेवायचं, हे करेक्शन जाताना येतानाच्या साधारण तिप्पट ठेवायचं, कारण वळणं घेताना काहीच करेक्शन करता येत नाही, त्या दोन वळणांत विमान जेवढं वाहवतं ते सगळं याच लेगमधे भरून काढायचं असतं. आता कॉम्प्युटर हे आपणहून करतो, तरी शिकणाऱ्याने ते हाताने करावं असं मला मनापासून वाटतं, कारण वारा डोक्यात बसतो तो असाच.

या पद्धतीची मोठी फजिती बर्लिनला झाली. सोव्हिएत नाकेबंदीमुळे शहराला कोळसा-धान्य सगळं विमानाने जात होतं. शुक्रवार १३ ऑगस्ट १९४८, ढग इमारतींच्या छपरांपर्यंत उतरलेले, पाऊस इतका की रडारवर काही दिसेना. बर्लिनच्या टेम्पलहॉफ विमानतळावर एक सी-५४ मालवाहू विमान रनवेपलीकडे जाऊन पेटलं, मागच्याने त्याला वाचवायला ब्रेक मारले तर टायर फुटले, तिसरं अर्धवट बांधलेल्या रनवेवर उतरून गरकन फिरलं. आणि वर ३,००० ते १२,००० फुटांपर्यंत विमानांची चळत, सगळे जीव मुठीत धरून फिरतायत, मागून दर तीन मिनिटांनी नवीन विमान येतच आहे. त्या चळतीतच एका विमानात खुद्द मोहिमेचा प्रमुख जनरल विल्यम टनर होता, याने आधी भारतातून हिमालय ओलांडून चीनला माल पोचवायची मोहीम चालवली होती. त्याने रेडिओवरून हुकूम दिला, माझं विमान सोडून चळतीतले वरचे-खालचे सगळे परत पाठवा. पुढे नियमच झाला, उतरायची संधी एकच, चुकली तर मालासकट तळावर परत, बर्लिनवर कोणी घिरट्या घालायच्या नाहीत. मला हा निर्णय फार मोठा वाटतो, कारण वाट बघायचीच असेल तर ती हवेत कशाला, हा विचार त्यात आहे.

पण प्रवासी वाहतुकीत होल्ड राहिलाच, आणि १६ डिसेंबर १९६० ला त्याची भयंकर किंमत मोजावी लागली. युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-८ या जेट विमानाला न्यू जर्सीवरच्या प्रेस्टन या फिक्सला होल्ड करायचं होतं. प्रेस्टनला खाली स्टेशन नव्हतं, दोन व्हीओआरच्या रेषा जिथे छेदतात ती जागा, आणि या विमानाचा दोनपैकी एक रिसीव्हर बंद. हे त्यांनी कंपनीला कळवलं, कंट्रोलरला नाही. त्यात कंट्रोलरने मार्ग सुमारे ११ मैलांनी कमी करून दिला, म्हणजे फिक्स अपेक्षेपेक्षा लवकर येणार. विमान ३०० नॉट्सहून (ताशी साधारण ५५५ किलोमीटर) जास्त वेगात प्रेस्टन ओलांडून पुढे गेलं आणि स्टेटन आयलंडवर टीडब्ल्यूए या दुसऱ्या एअरलाइनच्या कॉन्स्टेलेशन विमानाला धडकलं. विमानांतले १२८ आणि ब्रुकलिनमधे जमिनीवरचे ६, असे १३४ जण गेले. १०,००० फुटांखाली २५० नॉट्सची वेगमर्यादा याच्या पाठोपाठ आली.

नंतरही होल्डमधे जीव गेलेच. २५ जानेवारी १९९० ला आविआंका या कोलंबियन एअरलाइनचं बोइंग ७०७ न्यूयॉर्कला यायच्या वाटेवर तीन होल्ड मिळून १ तास १७ मिनिटं फिरलं, इमर्जन्सी जाहीर केली नाही, इंधन संपून पडलं, ७३ मृत्यू. १९९४ मधे इंडियानात रोझलॉनजवळ एटीआर-७२ हे प्रवासी विमान होल्डमधे असताना पंखावर बर्फ साचला आणि ६८ जण गेले.

१९८१ मधे अमेरिकेत कंट्रोलर्सचा संप झाला, ११,००० हून जास्त जणांना काढून टाकलं, माणसंच नाहीत म्हटल्यावर विमानं निघायच्या ठिकाणीच रोखून धरायची पद्धत जोरात सुरू झाली. आपल्याकडे मुंबईचे दोन्ही रनवे एकमेकांना छेदतात, एका वेळी एकच वापरता येतो, त्यामुळे ४० ते ६० मिनिटं घिरट्या ही नेहमीचीच बाब झाली होती. फेब्रुवारी २०२४ मधे केंद्र सरकारने ४० मिनिटांच्या होल्डला साधारण १.७ किलोलिटर, म्हणजे १.८ लाख रुपयांचं इंधन जातं असा हिशोब मांडला आणि गर्दीच्या वेळेतली तासाची उड्डाणं-लँडिंग ४६ वरून ४४ वर आणली. त्यामुळे आता नागपूरला दार लावून, बेल्ट बांधून बसल्यावर कॅप्टन "मुंबईच्या ट्रॅफिकमुळे वीस मिनिटं" म्हणाला तर वैतागू नका, तोच होल्ड इंजिन बंद ठेवून जमिनीवर चाललाय.