लिंबात वीज नसते

गेल्या महिन्यात शेजाऱ्यांनी सातारा रस्त्यावरच्या एका शोरूममधून विजेवर चालणारी स्कूटर घेतली. हार घातला, कुंकवाने स्वस्तिक काढलं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि स्कूटर त्यावरून पुढे नेली. लिंबू फच्चकन फुटलं. पेढे खाताना त्यांची सहावीतली मुलगी मला म्हणाली, "काका, हे लिंबू वाया गेलं. त्यात वीज असते. आमच्या प्रदर्शनात चार लिंबांवर लाल दिवा पेटला होता."

दृष्ट लागू नये म्हणून लिंबू चिरडणाऱ्यांशी वाद घालण्यात मला आता रस उरलेला नाही. स्कूटरला दृष्ट लागत नाही, विम्याचा हप्ता चुकला तर मात्र बरंच काही लागतं. पण "लिंबात वीज असते" हा गैरसमज विज्ञानाच्या मांडवातून घरी येतो, म्हणून तो जास्त खुपतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही मल्टिमीटर घेऊन बसलो. एका लिंबात तांब्याची तार आणि जस्ताचा मुलामा असलेला खिळा खुपसला, तर सुमारे ०.९ व्होल्ट. मग खिळा काढून दुसरीही तांब्याचीच तार खुपसली. लिंबू तेच, रस तोच, काटा शून्यावर. लिंबाऐवजी बटाटा घ्या, मिठाचं पाणी घ्या, खिळा असेल तर थोडीफार वीज मिळते. म्हणजे भांडवल जस्ताचं. लिंबू धंद्यात भागीदार आहे (त्यातल्या आम्लाचे हायड्रोजन आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, इलेक्ट्रॉन घेतात), पण मालक नव्हे.

आता खरी गंमत. मोरचुदाच्या (म्हणजे कॉपर सल्फेटच्या) निळ्या द्रावणात जस्ताची पट्टी बुडवा. पट्टीवर तांब्याचा तपकिरी-काळपट थर चढतो, निळा रंग फिका होत जातो, भांडं कोमट होतं. जस्ताच्या प्रत्येक अणूने दोन इलेक्ट्रॉन सोडले, ते तांब्याच्या आयनाने तिथल्या तिथे उचलले. ६५ ग्रॅम जस्त असं संपलं तर सुमारे २१८ किलोज्यूल उष्णता निघते. अर्धा लिटर पाणी उकळायला पुरेल एवढी. वीज मात्र शून्य, कारण देणारा आणि घेणारा एकमेकांना चिकटून उभे होते.

१८३६ मध्ये लंडनच्या जॉन फ्रेडरिक डॅनियलने नेमकं हेच टाळणारा घट बनवला. जस्त एका द्रावणात, तांबं आणि मोरचूद दुसऱ्यात, मधे सच्छिद्र पडदा. आता इलेक्ट्रॉनांना तांब्यापर्यंत जायला एकच वाट, बाहेरची तार. त्या तारेत दिवा बसवला की जाता जाता तो पेटतो. उष्णता होऊन विरून जाणाऱ्या २१८ पैकी जवळपास २१२ किलोज्यूल आता विजेच्या रूपात हाती येऊ शकतात. ९ वॉटचा एलईडी दिवा साडेसहा तास चालेल, अर्थात कागदावर. बॅटरी म्हणजे मुळात ही ताटातूट.

मग तो पडदा कशाला? जस्ताच्या बाजूला धन आयन साचत जातात, तांब्याच्या बाजूला ऋण सल्फेट उरतात. हा असमतोल मिटला नाही तर प्रवाह क्षणात थांबेल. म्हणून आयनांना हळूहळू इकडून तिकडे जाता आलं पाहिजे, पण मोरचुदाने थेट जस्ताला गाठता कामा नये. झिलई नसलेलं मातीचं भांडं हे काम छान करतं. आपला माठ पाझरतो, तसंच.

पण जस्तच का देतं आणि तांबं का घेतं? पाठ्यपुस्तक "जस्त जास्त क्रियाशील" म्हणून मोकळं होतं. ते उत्तर नव्हे, नुसतं नाव आहे. हिशेब मांडू. ६५ ग्रॅम जस्ताचे अणू घन धातूतून सुटे करायला १३० किलोज्यूल लागतात. तेवढेच अणू तांब्याच्या तुकड्यातून (साधारण ६३.५ ग्रॅम) सुटे करायला मात्र ३३८. सुट्या अणूचे दोन इलेक्ट्रॉन काढून त्याला पाण्यात आयन म्हणून बसवण्याचा निव्वळ खर्च दोघांचा जवळपास सारखा. म्हणजे फरक पडतो तो धातूच्या आतल्या पकडीत. तांब्याचे अणू बाहेरच्या इलेक्ट्रॉनांबरोबरच डी-कक्षेतल्या, म्हणजे त्यांच्या आतल्या थरातल्या, इलेक्ट्रॉनांनीही एकमेकांना धरून असतात. जस्ताची ती कक्षा पूर्ण भरलेली, मिटलेली, म्हणून पकड सैल. सैल धातू विरघळतो, घट्ट धातू जमतो आणि मधला फरक तारेतून वाहतो. (इथे शेजाऱ्यांची मुलगी पेढ्यांकडे वळली. तिचं चुकलं नाही.)

जस्ताकडे ही ऊर्जा आली कुठून? जमिनीत जस्त असं सुटं सापडत नाही, ते गंधकाशी बांधलेलं असतं. खनिज भाजून, आम्लात विरघळवून, शेवटी त्या द्रावणातून वीज सोडून आज बहुतेक जस्त मिळवतात. आपल्या देशातलं जस्त मुख्यतः राजस्थानच्या खाणींमधलं. प्रदर्शनातला लाल दिवा पेटला तो तिकडच्या एखाद्या कारखान्याने आधीच भरलेल्या विजेच्या बिलावर.

स्कूटरमध्ये जस्त नाही, लिथियम आहे, पण ताटातूट तीच. लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांतून निघून आतल्या द्रावणातून पलीकडच्या संयुगात जाऊन बसतात, इलेक्ट्रॉन बाहेरून मोटर फिरवत तिथेच पोचतात. चार्जर ही वरात उलटी फिरवतो. "बॅटरी भरली" असं आपण म्हणतो खरं, पण पार्किंगमध्ये रात्रभर लावून ठेवलेल्या स्कूटरमध्ये सकाळी एकही इलेक्ट्रॉन जास्तीचा नसतो. लिथियम तेवढं पुन्हा ग्राफाइटमध्ये येऊन बसलेलं असतं.