इमान राखणाऱ्याचं मरण आणि आपलं रडणं

‘गेम ऑफ थ्रोन्स’ या राजसत्तेच्या लढायांवरच्या इंग्रजी काल्पनिक मालिकेत इमानी माणसं फार काळ टिकत नाहीत, असं ही मालिका पाहणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी वाटून जातं. ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठाच्या रीडार लिस्टॅड आणि बेंजामिन ब्राउन या दोन संशोधकांनी २०१८ साली त्याचा हिशेबच मांडला. गंभीर आजाराचे रुग्ण किती काळ जगतात हे काढायची जी संख्याशास्त्रातली पद्धत आहे, तीच त्यांनी मालिकेच्या पहिल्या सात पर्वांना लावली. ३३० महत्त्वाच्या पात्रांपैकी १८६ मेली होती, म्हणजे निम्म्याहून जास्त. पडद्यावर पहिल्यांदा आल्यापासून तासाभरात मरण्याची शक्यता सुमारे १४ टक्के निघाली. पुरुषांना धोका जास्त, साध्या घरात जन्मलेल्यांना जास्त. आणि ज्यांनी मध्येच बाजू बदलली, त्यांची जगण्याची शक्यता एकाच धन्याशी बांधून राहिलेल्यांपेक्षा बरी.

हा शेवटचा आकडा वाचून गद्दारी फायद्याची असा अर्थ काढायची घाई करू नये. जो जास्त काळ जगला त्याला बाजू बदलायच्या संधीही जास्त मिळाल्या. त्यामुळे पलटी मारली म्हणून वाचला, की वाचला म्हणून पलटी मारता आली, हे नुसत्या आकड्यांवरून सांगता येत नाही. शिवाय कोण कधी मरणार हे तिथे लेखक ठरवतो. खऱ्या गावात तसं नसतं. तिथे कोणी कोणाला ऐन वेळी सोडलं हे तीन पिढ्या लोकांच्या लक्षात राहतं, आणि त्याचा परिणाम सोयरिकीपासून उधारीपर्यंत सगळीकडे होतो. जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ साली परस्पर मदतीची उत्क्रांती कशी होत असावी याचा सिद्धान्त मांडला. त्याचा गाभा हाच आहे: पुन्हा पुन्हा एकमेकांशी गाठ पडत असेल आणि आठवण पक्की असेल, तर साथ देणारा शेवटी तोट्यात जात नाही. ताडोबातले रानकुत्रे शिकार करून परत आले की पोटातलं मांस ओकून पिल्लांना भरवतात, आणि त्यातली बरीच पिल्लं त्यांची स्वतःची नसतात. निष्ठा माणसाच्याही फार आधीपासून या सृष्टीत आहे.

मग पडद्यावरचा इमानी माणूस मेला की आपल्याला इतकं का लागतं?

मालिकेतला इमानी सरदार नेड स्टार्क पहिल्या पर्वाच्या नवव्या भागात, २०११ साली मारला गेला. तोवर सगळ्यांनी त्यालाच नायक धरलं होतं. २०१३ साली त्याचा मुलगा रॉब आणि बायको कॅटलिन लग्नाच्या मांडवातच कापले गेले, तेही यजमानाच्या घरची भाकर आणि मीठ खाल्ल्यावर. त्या जगात एकदा ते खाल्लं की पाहुण्याच्या जिवाला यजमानाने धक्का लावायचा नसतो. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणजे काय हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, म्हणून तो प्रसंग पूर्व विदर्भातल्या वडसा-ब्रह्मपुरीकडच्या एखाद्या पोराने मोबाइलवर पाहिला तरी त्याच्या अंगावर काटा येतो. आणि २०१६ साली होडर गेला. पांगळ्या मुलाला पाठीवर वाहून नेणारा, स्वतःच्या नावाशिवाय एकही शब्द न बोलू शकणारा धिप्पाड गडी. मुलगा निसटेपर्यंत दार पाठीने रोखून धरत तो मेला. त्याचं आयुष्य ज्या मुलामुळे लहानपणीच मोडलं, त्याच मुलासाठी. हे दुःख मला नेडच्या दुःखापेक्षा मोठं वाटतं. नेडने आपला मार्ग स्वतः निवडला होता, होडरला कोणी विचारलंच नव्हतं.

असं पाहून डोळे पुसणाऱ्या नातवाला घरातली आजी हटकतेच, “कायले रडतेस रे, खोटंच तं हाये!” खोटं आहे हे नातवालाही माहीत असतं. पण त्याच्या मेंदूचा जो भाग माणसं ओळखतो आणि जवळची मानतो, तो हा हिशेब फार काटेकोर ठेवत नाही. अमेरिकेत टिमोथी ब्रूम, रॉबर्ट चावेझ आणि डिलन वॅग्नर यांनी याच मालिकेच्या १९ चाहत्यांना एमआरआय यंत्रात झोपवलं. सातवं पर्व सुरू होतं, तेव्हाची ही गोष्ट. पडद्यावर एक नाव आणि एक गुण दाखवायचा, आणि हा गुण त्या माणसाला लागू पडतो का, एवढंच हो-नाही सांगायचं. नावं तीन प्रकारची होती: स्वतःचं, मित्रांची आणि जॉन स्नो, सर्सी, डावोस अशा नऊ पात्रांची. कपाळामागे, मेंदूच्या मधल्या भागात एक जागा आहे. स्वतःविषयी विचार करताना ती सर्वात जास्त जागी होते. गोष्टीत शिरून पात्राच्या जागी स्वतःला ठेवायची ज्यांना सवय होती, त्यांच्या मेंदूत आवडत्या पात्राचा विचार आणि स्वतःचा विचार या जागी एकमेकांवर बराच चढलेला दिसला. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. १९ माणसं म्हणजे फार नव्हेत, हे खरं. पण त्यातून दिसतं ते असं, की आवडतं पात्र गेलं तर आपण ज्याला ‘मी’ म्हणतो त्याच्याच कडेचा एक तुकडा हलतो.

त्या गोष्टीची घडणही या कामाला मदत करते. ज्या कादंबऱ्यांवर मालिका बेतली आहे, त्यांचं संबंधांचं जाळं गणितज्ञांनी तपासलं (हे संशोधन २०२० चं). दोन हजारांवर पात्रं, एकेचाळीस हजारांवर भेटीगाठी. तरीही ज्यांच्या नजरेतून गोष्ट सांगितली जाते, त्यांना लक्षात ठेवावी लागणारी माणसं सरासरी दीडशेच्या आसपासच राहतात. मानववंशाचे अभ्यासक रॉबिन डनबार यांच्या मते एक माणूस नात्यानिशी सांभाळू शकतो अशा ओळखींची संख्याही जवळपास तेवढीच आहे. जंगलाकडेच्या एखाद्या टोल्यातली, म्हणजे छोट्या वस्तीतली, सगळी घरं धरली तर एवढीच माणसं भरतील. इतकं अवाढव्य राज्य आपल्या डोक्यात मावतं ते यामुळे.

आता तुटण्याकडे वळू. यातलं सगळ्यात थक्क करणारं काम मला प्रेअरी व्होल या उंदरासारख्या इवल्या प्राण्यावरचं वाटतं. उत्तर अमेरिकेच्या गवताळ भागातला हा प्राणी जोडीने राहतो. ऑलिव्हर बॉश, लॅरी यंग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये काही नरांना माद्यांबरोबर आणि काहींना त्यांच्या भावांबरोबर ठेवलं, मग ताटातूट केली. भावापासून दुरावलेले नर फारसे बदलले नाहीत. मादीपासून दुरावलेले मात्र पाण्यात सोडल्यावर हातपाय मारायचे सोडून नुसते तरंगत राहिले. मेंदूत सीआरएफ नावाचं ताण पेटवणारं रसायन असतं. त्याचा मार्ग औषधाने अडवला की ते पुन्हा धडपडू लागले. खरी गोष्ट पुढेच आहे. मेंदूतल्या एका भागात हे रसायन बनवण्याची तयारी मादीबरोबर राहणाऱ्या सगळ्याच नरांमध्ये वाढलेली होती, ताटातूट झालेली असो वा नसो. म्हणजे दुःखाची सामग्री जोडी जुळतानाच मेंदूत भरून ठेवली जाते, आणि जोडीदार गेला की ती फक्त मोकळी होते. कदाचित याच धाकाने जोडीदार सांजेला घरी परततो. व्होलवरून माणसाबद्दल थेट बोलता येत नाही, तरी निष्ठा आणि विरह यांचं मूळ एक असावं, असं यातून दिसू लागतं.

माणसांतही याला जुळणारा धागा आहे. मानसशास्त्रज्ञ मेरी-फ्रान्सेस ओ’कॉनर यांनी २००८ मध्ये आई किंवा बहीण स्तनाच्या कर्करोगाने गमावलेल्या स्त्रियांना त्यांचे फोटो दाखवले. ज्यांचं दुःख हटतच नव्हतं, त्यांच्या मेंदूत वेदनेच्या जागांसोबत एक वेगळी जागा उजळली: हवंसं वाटणाऱ्या गोष्टीची ओढ जिथे जागते ती. त्यांचा मेंदू अजून त्या माणसाच्या परतण्याची वाट पाहत होता.

एक जुनी तक्रार इथेच मांडतो. शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखांचं वर्णन केलं, ज्यांना समाज दुःख मानायलाच तयार नसतो. आपल्याकडे ती ढीगभर आहेत. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्याचे खांदे हळद-तुपाने शेकले, तो बैल गेल्यावर शेतकरी दोन दिवस जेवला नाही, तर लोक त्याला नव्या जोडीचा भाव सांगायला येतात. मालिकेतल्या पात्रासाठी रडणाऱ्या पोराला तर हसतातच. दोघांचं दुःख सारखं नाही, बैलवाल्याचं कितीतरी मोठं आहे. पण दोघांनाही ते लपवावं लागतं, आणि लपवलेलं दुःख वाटून घेता येत नाही.

वाटून घेण्याची सोय झाडीपट्टीने फार पूर्वीच करून ठेवली आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात कापणी झाली की दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. मंडळ्यांची कार्यालयं वडशाला आहेत, आणि या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. थंडीत चादरी पांघरून बसलेली हजारो माणसं सालगड्याचं इमान, भावाभावांतली वाटणी, दारूपायी बुडालेलं घर पाहत पहाटेपर्यंत रडतात, आणि तिथे रडण्यात कोणालाच संकोच वाटत नाही.

त्या रडण्यातून काय होतं, हे डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ऑक्सफर्डला तपासलं. एका गटाला हृदय पिळवटणारी कथा दाखवली, दुसऱ्याला माहितीपट. आधी आणि नंतर दोन्ही गटांना पाठ भिंतीला टेकवून, खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखं बसायला लावलं; मांड्या भरून येईपर्यंत किती वेळ टिकतात, ते मोजलं. शोककथा पाहणाऱ्यांची वेदना सोसण्याची ताकद सरासरीने वाढली, आणि सोबत बसलेल्या अनोळखी लोकांबद्दल जवळीकही वाढली. मेंदूत एंडॉर्फिन ही वेदना शमवणारी रसायनं सुटत असावीत, असं संशोधकांचं म्हणणं. ज्यांना गोष्ट भिडलीच नाही, त्यांच्यात मात्र ही ताकद वाढली नाही.

म्हणून मोबाइलवर, कानात इअरफोन घालून, रात्री एकट्याने होडरचा शेवट पाहणाऱ्या पोराला माझं एवढंच सांगणं आहे, की पुढचा भाग कोणाला तरी सोबत घेऊन पाहा. आजीला इंग्रजी कळत नसेल तर तिला मधून मधून गोष्ट सांगत जा. धन्यासाठी दार रोखून मेलेला गडी तिला लगेच समजेल. असे गडी तिने नाटकांतच नव्हे, वाड्यांवरही पाहिले आहेत.