रेट्रो नाइट की जुन्या गाण्यांची संध्याकाळ?

पोस्टरवर ग्रामोफोन, शेजारी जुनी फियाट आणि खाली वळणदार अक्षरांत 'रेट्रो'. नागपुरात एकाच शनिवारी अशी दोन पोस्टरं दिसू शकतात आणि दोन्हीकडची बरीचशी गाणीही तीच असतात. फक्त एक कार्यक्रम सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहात असतो आणि दुसरा रामदासपेठेतल्या नाहीतर धरमपेठेतल्या एखाद्या लाउंजमध्ये. पोस्टर नीट न वाचता निघालात की पंचाईत ठरलेली. मामा डीजेसमोर कानात बोटं घालून बसतात आणि ठिपक्यांचा फ्रॉक, बेलबॉटम घालून आलेली पोरं सभागृहाच्या खुर्चीत पाय आवरून.

सभागृहात गाणं ऐकायचं असतं, लाउंजमध्ये त्यावर नाचायचं असतं. बाकीचे फरक यातूनच निघतात.

आधी डीजेकडचं बघू. पन्नास-साठच्या दशकातली गाणी सगळे वादक एका स्टुडिओत एकत्र बसून वाजवत. ठेका धरून ठेवायला यंत्र नव्हतं, त्यामुळे लय कुठे किंचित पुढे सरते, कुठे मागे रेंगाळते. ऐकताना तीच मजा असते, पण दोन गाणी एकमेकांत मिसळताना डीजेची तारांबळ उडते. शिवाय त्या काळातली कितीतरी गाणी सहा मात्रांच्या दादऱ्यात आहेत आणि नाचाच्या फ्लोअरला लागतो चारचा सरळ ठोका. जुन्या रेकॉर्डवर खर्जातला दणकाही फारसा नसतो. मग खालून ड्रम घालायचा, लय कसून बांधायची, मुखडा आणि एखादा अंतरा झाला की पुढचं गाणं. म्हणून रेट्रो नाइटला खरा मान आर. डी. बर्मन आणि बप्पी लाहिरींच्या सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांना. ती मुळातच ठेक्यावर उभी आहेत. मदनमोहनची गझल तिथे वाजणार नाही, आणि वाजू नये हेच बरं.

अलीकडे तर रात्र चढली की नव्वदचं दशक सुरू होतं. कुमार सानूंनी 1991 ते 1995 अशी सलग पाच वर्षं फिल्मफेअर घेतलं, तेव्हा शाळेत असलेली पिढी आज पंचेचाळिशीच्या आसपास आहे आणि टेबल तीच बुक करते. वेशभूषेचा काळाशी संबंध सैलच असतो. साठचा फुगवलेला केशसंभार, सत्तरची हिप्पी पट्टी आणि ऐंशीच्या टिकल्या एकाच माणसाच्या अंगावर नांदतात. त्यावर नाक मुरडणाऱ्यांनी जाऊच नये, तिथे सोंग हाच कार्यक्रम असतो.

आता सभागृह. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह 2017 मध्ये झालं, तेव्हापासून मोठ्या ऑर्केस्ट्रांना शहरात ऐसपैस जागा मिळाली. इथे गाणं पूर्ण होतं, दोन्ही-तिन्ही अंतऱ्यांसह. आणि जाणकार मंडळी गायकापेक्षा वादकांवर डोळा ठेवून असतात. दोन अंतऱ्यांमधला म्युझिक पीस अ‍ॅकॉर्डियनवर जसाच्या तसा निघाला की टाळी तिथेच पडते, ओ. पी. नय्यरचा टांग्याचा ठेका ढोलकवाल्याने चुकवला तर मागच्या रांगेतून "काय बे!" ऐकू येतं. निवेदक मात्र कधीकधी गाण्याहून लांब बोलतो. तेवढं सोसावं लागतं.

एक सावधगिरी. 'प्रवेश निःशुल्क, काही जागा राखीव' असं छापलेलं असेल तर तो बहुधा कराओके क्लबचा कार्यक्रम. गायक हौशी, संगीत ट्रॅकवरून, समोर गाणाऱ्यांचे नातेवाईक. त्यातही सुरेल गळे निघतात, पण वादकांसाठी जात असाल तर पोस्टरवर त्यांची नावं आहेत का ते बघा. डीजेचं नाव आणि कव्हर चार्ज लिहिला असेल तर प्रश्नच मिटला. फोन करून एवढंच विचारा की कव्हर चार्ज खाण्यापिण्यात वळता होतो की नुसता आत शिरण्याचा आहे. सोबत कॉलेजची पोरं असतील तर वयाचंही बघा. महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 पूर्ण लागतात.

कार्यक्रम लॉनवर असेल, तर दोन्ही प्रकारांना एकच नियम. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद. सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, त्यांत तुमचा शनिवार असेलच असं नाही. म्हणून लॉनवरच्या 'रेट्रो नाइट'ला नऊला पोहोचणं म्हणजे पंगत उठताना हात धुणं. बंदिस्त लाउंजची रात्र तेव्हा कुठे सुरू होते. परतीला मेट्रो मिळणार नाही, हे धरून चाला.

फरमाईश दोन्हीकडे चालते आणि दोन्हीकडे बहुतेक वेळा फसते. ऑर्केस्ट्राची गाणी आधीच बसवलेली असतात. चिठ्ठी निवेदकापर्यंत पोहोचते, तो हसून खिशात घालतो. डीजेच्या लॅपटॉपमध्ये तुमचं गाणं नक्की असतं, पण रंगलेला फ्लोअर तो तुमच्यासाठी मोडणार नाही. त्यातल्या त्यात सोपा उपाय म्हणजे लाउंजमध्ये लवकर, फ्लोअर रिकामा असताना जाऊन सांगणं. तेव्हा त्यालाही कुणीतरी नाचायला हवंच असतं.