निपाणीच्या पानातले वलय आणि एन्झाइमची खोबण

निपाणी भागातल्या तंबाखूची चटक लावणाऱ्या निकोटिनच्या रेणूत दोन वलये असतात, एक सहा अणूंचे, एक पाचाचे. दोन्हींत एकेक नायट्रोजन. पाचाचे वलय रोप शिताफीने बांधते. एक एन्झाइम सरळ साखळीच्या एका टोकाला अल्डिहाइड, म्हणजे चटकन जुळणारा कार्बन-ऑक्सिजन गट, तयार करते. दुसऱ्या टोकाचा नायट्रोजन आपणहून वळून त्याला चिकटतो. गाठ मारायला वेगळे एन्झाइम लागत नाही.

प्रयोगशाळेतही हीच युक्ती चालते. मध्ये तीन कार्बन सोडून दोन कार्बोनिल (ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेले कार्बन) असलेली साखळी घ्यायची. ट्रान्सअमिनेज हे एन्झाइम एका कार्बोनिलच्या जागी अमाइन (नायट्रोजनचा गट) बसवते, ते दुसऱ्याला भिडून सहा अणूंचे इमाइन वलय (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधाचे) होते, आणि पाण्यात ते उलगडण्याआधी इमाइन रिडक्टेज हे दुसरे एन्झाइम त्याला हायड्रोजन देऊन पक्के करते.

अडते ते खोबणीत, म्हणजे एन्झाइममध्ये रेणू जिथे बसतो त्या जागेत. अनेक ट्रान्सअमिनेजांच्या खोबणीचा एक कप्पा इतका अरुंद, की एका कार्बनच्या मिथिल गटाहून फारसे मोठे काही मावत नाही. चारच अमिनो आम्ले बदलायची म्हटली, तरी प्रत्येक जागी 20 पर्याय, म्हणजे 1,60,000 नमुने. 96 खळग्यांच्या 1,667 तबकड्या! संगणक इथे चाळणीचे काम करतो. मात्र खोबणीत नुसता किटोन (कार्बोनिल असलेला सुरुवातीचा रेणू) बसवून पाहणे ही नेहमीची चूक. बी-6 जीवनसत्त्वापासून बनलेल्या पीएलपी या एन्झाइमच्या मदतनीस रेणूला चिकटलेला अभिक्रियेचा मधला टप्पा बसवावा. खरी घडामोड तिथे होते.

मधुमेहावरच्या सिटाग्लिप्टिन या औषधासाठी 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात मूळ ट्रान्सअमिनेज ते ज्यापासून बनते त्या किटोनला दादच देत नव्हते. संगणकी आराखड्याने जेमतेम सुरुवात करून दिली, पुढचे निवड-चाचणीच्या फेऱ्यांनी केले. शेवटी 27 बदलांचे एन्झाइम, लिटरला 6 ग्रॅम, 200 ग्रॅम किटोनला पुरले, तेही निम्मे डीएमएसओ हे सेंद्रिय द्रावक असलेल्या द्रावणात. (तिथली वलये आधीच तयार होती, एवढे मान्य करायला हवे.)

कप्पा रुंदावायला फेनिलअ‍ॅलॅनिनऐवजी त्याहून बरेच लहान अमिनो आम्ल ग्लायसिन घातले, की प्रथिनाच्या गाभ्यात पोकळी पडते आणि ते बनवणाऱ्या ई. कोलाय जिवाणूत त्याचे निरुपयोगी गोळे होतात. जिवाणू 37 ऐवजी 20 अंशांवर वाढवले तर पुष्कळदा निभावते.

रिडक्टेजला लागणारे, हायड्रोजन पुरवणारे एनएडीपीएच महाग, म्हणून ते ग्लुकोज आणि ग्लुकोज डीहायड्रोजनेज या एन्झाइमने पुन्हा भरतात. चिकोडीच्या कारखान्यातली साखर थेट चालत नाही, ती सुक्रोज. ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्ल होते, पीएच घसरतो आणि ट्रान्सअमिनेज सुस्तावते. म्हणून सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडत राहावे लागते.